कनौज : अत्तराच्या गावी नाकाची विचारपूस

लग्नघरी मांडवाच्या दाराशी उभे राहून मनगटावर अत्तराचे बोट आणि अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा आपण सर्वांनीच घेतलेला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी सणासुदीला कपाटातून बाहेर निघत असे. त्या अत्तराचे माहेर म्हणजे उत्तर प्रदेशातील कनौज. काशी, प्रयाग, अयोध्या अशी यात्रा करणारी मराठी मंडळी पुष्कळ. परंतु लखनौपर्यंत जाऊनही कनौजकडे वळणारे थोडेच. आपण त्या वाटेला जाणार असाल, आणि बरोबर घरातील वडीलधारी माणसे असतील, तर एक दिवस या गावासाठी अवश्य राखून ठेवा. हे मी केवळ प्रवासाची हौस म्हणून सांगत नाही. आपल्या घरातील वृद्धांच्या नाकाची विचारपूस करावी, ही गोष्ट ज्या गावात सहज सुचते, असे हे गाव आहे. आणि ती विचारपूस का करावी, हेच आज मला आपणांस सांगायचे आहे.

लखनौहून मोटारीने निघाल्यास आग्ऱ्याकडे जाणाऱ्या द्रुतगती महामार्गाने कनौज दोन-अडीच तासांत येते. कानपूरहून ते त्याहून जवळ आहे. इतिहासाच्या पुस्तकात आपण हे नाव वाचलेले असते. सातव्या शतकात ही सम्राट हर्षवर्धनाची राजधानी होती. चिनी यात्रेकरू युआन श्वांग येथे आला होता. पुढे याच नगरीच्या स्वामित्वासाठी पाल, प्रतिहार आणि आपल्याकडील राष्ट्रकूट यांच्यात कित्येक पिढ्या झुंज चालली. आज त्या वैभवाच्या खुणा शोधाव्या लागतात. गंगेचे पात्रही गावापासून दूर सरकले आहे. मात्र जुन्या बाजारपेठेच्या गल्ल्यांत शिरलात की डोळ्यांआधी नाक जागे होते. एका दुकानातून वाळ्याचा थंड वास येतो, पुढच्या दारातून केवड्याचा, आणि एखाद्या बंद फाटकाआडून लाकडाच्या धुरात मिसळलेला गुलाबाचा.

त्या फाटकाआड अत्तराची भट्टी असते. परवानगी विचारली तर बहुतेक जण आत येऊ देतात. मार्चच्या सुमारास जाल तर देशी गुलाबाचा हंगाम असतो. ऊन चढण्यापूर्वी खुडलेली फुले पोत्यांतून येतात आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाण्यासह टाकली जातात. या हंड्याला तेथे ‘देग’ म्हणतात. झाकणाची फट चिखल आणि कापूस लिंपून बंद केली जाते. देगेतून बांबूची एक नळी, तिला ‘चोंगा’ म्हणतात, खाली पाण्याच्या हौदात ठेवलेल्या ‘भपक्या’पर्यंत जाते. भपका म्हणजे लांब मानेचे तांब्याचे भांडे. त्यात चंदनाचे तेल असते. फुलांची वाफ नळीतून येते, भपक्यात थंड होते आणि तिच्यातील सुगंध चंदनाचे तेल शोषून घेते. तेल सुगंधाने पुरते भरेपर्यंत रोज नव्या फुलांनी हे काम पुन्हा पुन्हा करतात. यंत्र, तापमापक, घड्याळ यांचा फारसा संबंध नाही. कारागीर भपक्यावर हात फिरवून उष्णता पाहतो, देगेतील आवाज ऐकतो आणि शेवटचा निर्णय नाकाने देतो. या गावातील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या नाकावर चालत आला आहे. येथे म्हाताऱ्या कारागिराचे नाक मंदावले तर ते घरच्यांना आठवडाभरात कळते. आपल्या घरात ते कळायला कित्येक वर्षे लागतात. आणि बरेचदा कळतच नाही.

कनौजची सर्वांत नवलाची वस्तू म्हणजे मातीचे अत्तर. भाजलेल्या कोरड्या मातीचे तुकडे देगेत घालून, पहिल्या पावसाने भिजलेल्या जमिनीचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात. या मृद्गंधामागे मातीतील सूक्ष्मजीवांनी तयार केलेले एक द्रव्य असते. त्याचा अत्यल्प अंशही माणसाचे नाक टिपते. जूनमधील वळिवाची सर ज्याने अनुभवली आहे, त्याला ही कुपी हुंगताच गाव, शेत, शाळेची वाट आठवते. म्हणूनच दुकानदार ती सर्वांत शेवटी उघडतात.

आम्ही आठ जण लखनौहून गेलो होतो. त्यांपैकी बहुतेक साठीच्या पुढचे होते. दुकानदाराने ती कुपी हातोहात फिरवली. एकेकाचा चेहरा उजळत गेला. कोणी म्हणाले, “आमच्या परड्यातला वास!” सत्तरीच्या एका काकांनी मात्र कुपी दोनदा नाकाशी नेली आणि शांतपणे पुढे दिली. “तेल चांगले आहे,” एवढेच ते म्हणाले. त्यांच्या पत्नी हसून म्हणाल्या, “यांना सर्दीच असते नेहमी.” एका आजींचे मात्र निराळेच झाले. त्यांना वास आला, आवडलाही. पण तो कशाचा, हे काही केल्या सांगता येईना. “ओळखीचा आहे हो, नाव येत नाही,” असे त्या म्हणत राहिल्या.

परतीच्या वाटेवर मी त्या काका-काकूंशी बोलले. काकांना सर्दी नव्हती. दोन-तीन वर्षांपासून जेवणाला चव लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि त्यावरून घरात कुरबूर होत असे. महिन्यापूर्वी गॅसवरचे दूध करपले, घरभर वास पसरला, आणि काका शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. बद्धकोष्ठता जुनीच होती. रात्री झोपेत ते ओरडतात, हातपाय झाडतात, एकदा त्यांचा फटका काकूंना लागला होता. या चारही गोष्टी निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या कारणांनी बोलल्या गेल्या होत्या. एकत्र कोणी मांडल्या नव्हत्या. हे सर्व त्या दोघांच्या संमतीने मी येथे लिहिते आहे.

आता या चार गोष्टींचा परस्परसंबंध पाहू. नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या बाजूस, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत गंध टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांचे तंतू चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून थेट मेंदूतील घ्राणकंदापर्यंत जातात. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांचे संदेश मेंदूतील एका मधल्या ठाण्यावरून पुढे जातात. गंधाला ते ठाणे आधी लागत नाही. तो भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी जवळजवळ सरळ पोहोचतो. मातीच्या वासाने शाळेची वाट आठवते ती यामुळे. गंध टिपणाऱ्या या ग्राहकांची जनुके शोधून काढणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल या शास्त्रज्ञांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हाच जवळचा रस्ता मेंदूच्या काही आजारांची पहिली चाहूलही देतो. कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, आपण हाताच्या कंपावरून ओळखतो. परंतु जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की या आजारातील बिघाड अनेकदा आधी घ्राणकंदात आणि आतड्यांशी जोडलेल्या मज्जाकेंद्रात दिसतो. हालचाल सांभाळणाऱ्या भागात तो नंतर पोहोचतो. म्हणूनच कंपवाताच्या दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांची घ्राणशक्ती मंदावलेली आढळते, आणि ती कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी मंदावलेली असू शकते. बद्धकोष्ठता आणि स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे ही त्याच टप्प्यावरील आणखी दोन लक्षणे. अल्झायमरच्या आजारातही स्मृतिकेंद्राच्या उंबरठ्यावरील ज्या भागात आरंभीचा बिघाड होतो, तो गंधाच्या वाटेवरचाच भाग आहे. तेथे बहुधा वास येतो, पण ओळखता येत नाही.

येथे त्या आजींविषयी आपणांस काळजी वाटली असेल. ती लगेच दूर करते. अनोळखी जागी, नुसत्या वासावरून नाव सांगणे तरुणांनाही अवघड जाते. म्हणून शास्त्रीय चाचणीत नुसते “हा कशाचा वास?” असे विचारत नाहीत; चार पर्याय देऊन त्यांतून निवडायला सांगतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी १९८४ च्या सुमारास अशी ४० गंधांची चाचणी तयार केली. कागदावरचा ठिपका खरवडायचा, हुंगायचा आणि चारांतून एक उत्तर निवडायचे. त्या आजींना मी चार नावे सांगताच त्यांनी “माती!” असे तत्काळ सांगितले आणि स्वतःच हसू लागल्या.

मनाच्या आजारांचाही नाकाशी संबंध आहे. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाची घ्राणशक्ती काहीशी बोथट होते, आणि ज्याची घ्राणशक्ती गेली आहे तो माणूस नैराश्याकडे झुकू शकतो. जेवणात रस नाही, फुलात रस नाही, नातवंडाच्या अंगाचा वास नाही, घामाचा वास येत असेल की काय म्हणून चारचौघांत बसायचा संकोच. अशा माणसाला आपण “चिडचिडे झाले आहेत” म्हणून बाजूला सारतो. छिन्नमनस्कतेतही गंध ओळखण्याची क्षमता कमी झालेली आढळते. याच्या उलट, जेथे वास नाही तेथे तो येणे हेही लक्षण असते. काही क्षण जळक्या रबरासारखा घाण वास येणे, त्याच वेळी माणूस शून्यात पाहत राहणे, असे पुन्हा पुन्हा होत असेल तर तो अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा, एक प्रकार असू शकतो.

एवढे वाचून कोणी लगेच आईच्या नाकाशी लवंग धरून निदान करू नये. वय वाढले की घ्राणशक्ती कमी होतेच. डोटी यांच्याच अभ्यासात ६५ ते ८० या वयातील निम्म्याहून अधिक लोकांची, आणि ८० च्या पुढील तीन-चतुर्थांश लोकांची घ्राणशक्ती मंदावलेली आढळली होती. यांतील बहुसंख्य लोकांना कंपवात नसतो आणि अल्झायमरही नसतो. जुनाट सर्दी, सायनसचा त्रास, नाकातील पॉलिप, अॅलर्जी, धूम्रपान, तपकीर, डोक्याला लागलेला मार, काही औषधे आणि विषाणूंचे आजार ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. कोविडने तर आपणा सर्वांना हा धडा दिला. तेव्हा वास न येणे ही केवळ सूचना आहे. ती एकटी असेल तर आधी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जावे. तिच्याबरोबर चालण्यात मंदपणा, अक्षर बारीक होणे, चेहऱ्यावरील भाव कमी होणे, झोपेतील हातवारे, नव्या गोष्टींचा विसर किंवा सततची उदासी असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांचा किंवा मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पडल्यानंतर अचानक वास गेला, एकाच नाकपुडीचा गेला, किंवा त्यासोबत स्वभाव पालटला, तर दिरंगाई करू नये.

मग घरी काय करता येईल? कनौजच्या दुकानदाराची पद्धत आपल्या स्वयंपाकघरात आणावी. लवंग, वेलची, कॉफी आणि संत्र्याची साल, प्रत्येक वस्तू वेगळ्या वाटीत घ्यावी. आई-वडिलांना डोळे मिटायला सांगून एकेक नाकपुडी बंद करून हुंगू द्यावे. “वास येतो का?” हे आधी विचारावे. “लवंग, वेलची, कॉफी की संत्रे?” हे नंतर. दोन वासांमध्ये थोडा अवकाश ठेवावा, कारण नाक लवकर थकते. एक खबरदारी मात्र अत्यावश्यक आहे. या तपासणीसाठी कापूर, अमृतांजन किंवा व्हिक्स वापरू नये. त्यांचा झणझणीतपणा घ्राणाच्या नव्हे, तर चेहऱ्याच्या स्पर्शसंवेदनेच्या मज्जातंतूला कळतो. घ्राणशक्ती पूर्णपणे गेलेल्या माणसालाही व्हिक्स ‘कळते’, आणि घरचे निश्चिंत होतात. ही तपासणी खेळीमेळीने करावी. परीक्षा घेतो आहोत असे वाटू देऊ नये. एखादे उत्तर चुकले म्हणून घाबरू नये. बरेचसे वास येतच नसतील, तर ती गोष्ट तारखेसह लिहून ठेवावी आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना आपणहून सांगावी. डॉक्टर रक्तदाब मोजतात, साखर तपासतात. नाकाविषयी ते विचारतीलच असे नाही. आणि वृद्ध माणूस स्वतः सांगत नाही, कारण दृष्टी गेल्याचे कळते तसे गंध गेल्याचे कळत नाही. तो म्हणतो, “हल्ली भाजीला पूर्वीची चव राहिली नाही.” हे वाक्य घरात वारंवार ऐकू येत असेल, तर सुनेच्या स्वयंपाकाला दोष देण्यापूर्वी नाकाकडे पाहावे.

निदान काहीही होवो, सुरक्षिततेची व्यवस्था त्याच दिवशी करावी. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. ज्याला तो वास येत नाही, त्याच्यासाठी ही योजना व्यर्थ आहे. म्हणून गॅसगळती ओळखणारे विजेवरचे साधन बसवावे, रात्री सिलिंडरचा कॉक दुसऱ्या कोणी बंद करावा. फ्रिजमधील डब्यांवर तारीख चिकटवावी. उरलेले अन्न “हुंगून पाहू” असे म्हणू नये. चव लागत नाही म्हणून वृद्ध मंडळी मीठ आणि साखर वाढवतात, किंवा जेवणच कमी करतात. पहिल्याने रक्तदाब आणि मधुमेह बिघडतो, दुसऱ्याने वजन उतरते. मिठाऐवजी लिंबू, आमसूल, आले, मिरी यांनी पदार्थ रुचकर करावा आणि महिन्यातून एकदा वजन पाहावे.

आपण विचाराल, कंपवात किंवा अल्झायमर पूर्णपणे थांबवणारे औषध आज नाही, मग आधी कळून उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे. नैराश्य, पॉलिप, सायनस यांसारखी बरी होणारी कारणे वेळेवर सापडतात. पडण्याची, भाजण्याची भीती कमी करता येते. नियमित चालणे आणि व्यायाम लवकर सुरू होतो. व्यवहाराची कागदपत्रे माणूस पूर्ण शुद्धीत असताना मार्गी लागतात. आणि घरातील कुरबुरीला, “मुद्दाम करतात” या समजुतीला, उत्तर मिळते.

घ्राणशक्तीला व्यायामही देता येतो. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत साधी आहे. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार गंध रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, लक्षपूर्वक हुंगायचे आणि हे किमान १२ आठवडे चालू ठेवायचे. गंध टिपणाऱ्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, त्यामुळे विशेषतः विषाणूच्या आजारानंतर यातून काहींना लाभ होतो. सर्वांना होतोच असे नाही. परंतु यात खर्च नाही आणि अपायही सहसा नाही. नाकात मात्र तेल, अर्क किंवा कोणी सांगितलेले थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत.

त्या काकांचे काय झाले, हे आपणांस जाणून घ्यावेसे वाटेल. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासले, कंपवाताचे निदान आज करता येत नाही, दर सहा महिन्यांनी येत राहा, असे सांगितले. काका रोज पाऊण तास चालतात. गॅसजवळ इशारा देणारे यंत्र बसले आहे. पलंगाच्या कडेला उशा लावल्या आहेत आणि काकूंनी आपली गादी थोडी बाजूला घेतली आहे. कनौजहून आणलेली गुलाबाची कुपी त्यांच्या देवघराशेजारी असते. सकाळ-संध्याकाळ तिच्यासह चार वास घेण्याचा नेम ते पाळतात. अद्याप फरक पडलेला नाही. पण जेवणाच्या ताटावरून होणारे वाद थांबले आहेत, असे काकू सांगतात.

कनौजला जाणार असाल तर सकाळी लवकर पोहोचा, गल्ल्या अरुंद असल्याने वृद्धांसाठी काठी आणि घट्ट बसणारी चप्पल घ्या, आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना भट्टीच्या धुरापासून दूर ठेवा. एका दुकानात चार-पाचांहून अधिक अत्तरे हुंगू नका. पुढची सारखीच वाटू लागतात. जाणे जमणार नसेल तरी हरकत नाही. उद्या सकाळी चहात आले किसाल तेव्हा ते आधी वडिलांच्या नाकाजवळ न्या, आणि “वास कसा आहे?” एवढेच विचारा. उत्तर मात्र नीट ऐका.